पवनचक्कीभोवतीचा चौक

आमचे व्याही श्री. डोमाजी इवाईबुवा यांना दादाजीचा रामराम.

तुमचा गुडघा, आमची लेक आणि नातू हे तिघं कसे आहेत ते कळवा (सौ. गुणाबाईनं हा क्रम उलटा सांगितला होता, पण पत्र मी लिहितो आहे). आम्ही मजेत आहोत.

गावात पवनचक्की उभी राहिल्याचं तुम्हाला ठाऊक आहेच. मी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात तीस वर्षं कोळशाच्या पट्ट्यावर काढली, तेव्हा विजेतलं सगळं मलाच कळतं असं गावानं ठरवलं (मीही नाही म्हटलं नाही), आणि तिच्याभोवतीच्या चौकाचा नकाशा माझ्या गळ्यात पडला. मी गोल फरसबंदी, चार बाकं आणि फुलझाडं काढली. खाली लिहिलं, 'दोनशे लोकांची बसायची सोय', आणि नातवाच्या बारशाला तुमच्याकडे आलो. परतून बघतो तर चौकात हा एवढा खड्डा! दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत नाटक बघणाऱ्यांसाठी खोदतात तसा उतरता खोदून, निघालेल्या मातीचा पवनचक्कीसमोर स्टेज बांधलेला. (खांबाच्या पायाला धक्का नाही, देवानं लाज राखली.) मी ओरडलो, तर खोदणाऱ्यांतला कोलू शांतपणे म्हणाला, "भाऊ, बसाची सोय तुमीच लिवली. खोदल्याबिगर मांगच्याले दिसन का?"

खरं सांगू? चौक झकास झाला आहे. दिवसभर माणसं तिथंच असतात. सरपंच रंजीताबाईंनी तर पाटीवर माझं नाव रंगवलं. मला भरून आलं. तेवढ्यात गावातला मुखरू भर ग्रामसभेत म्हणाला, "उद्घाटनाच्या येळी पातं फिरलं नाई, तं दादाजीचं नाव पुसा!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गुणाबाईनंसुद्धा. मंडईच्या दिवशी सकाळी अकराला उद्घाटन आहे. जरूर या.

आपला,
दादाजी

ता. क. आमच्याकडे वारा दोनच्या आत सुटत नाही. म्हणून अध्यक्ष तुम्ही. पोरांच्या लग्नात तुम्ही 'दोनच शब्द' बोलायला उभे राहिलात आणि वऱ्हाड जेवून, झोपून उठलं, तेव्हा मी कुरकुरलो होतो. माफ करा. या वेळी मनसोक्त बोला. पातं फिरलं की मी टोपी हलवीन, तोवर थांबू नका.

आणखी एक. गुणाबाई म्हणते, वारा कधीकधी चारलाही सुटत नाही. तेव्हा घरून जेवूनच निघा.