हाजराखालाने सांगितलेली मी

लातूर, १२ जून २०१९

प्रिय हाजराखाला,

शारिकभाईची हुस्ना तुला वाचून दाखवेल म्हणून अक्षर मोठं काढलंय. नांदेडला लेकाकडे करमतंय ना? गुडघा कसा आहे? इकडे क्लासेसच्या नव्या बॅचेस सुरू झाल्यात. मुखेड, उमरी, कुठकुठली पोरं पेट्या घेऊन आलीत आणि माझ्या समुपदेशनाच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग लागतोय.

भूकंपानंतरचे ते दिवस हल्ली फार आठवतात. सहा वर्षांची मी, पाय प्लास्टरमध्ये, आई-बाबा गेलेले, तोंडातून शब्द नाही. तू त्या दवाखान्यातली आया. रोज माझी वेणी घालताना अख्ख्या वॉर्डाला सांगायचीस : ही डोळ्यांनी हसते, हिला उजव्या कुशीवर झोप लागते, रुसली की अंगठा हलवते. ते ऐकता ऐकता महानंदा म्हणजे कोण, हे मला पुन्हा कळत गेलं. एक दिवस तू म्हणालीस, "हिला दूध लई आवडतं." मी म्हणाले, "न्हाई." तीन आठवड्यांनी फुटलेला पहिला शब्द. तू वॉर्डभर साखर वाटलीस. पुढे काकांनी शिरूर अनंतपाळला नेलं, तरी माझी प्रत्येक सुट्टी तुझ्याच घरी गेली.

मानसशास्त्र शिकताना वाचलं, की मूल स्वतःला आधी आईच्या चेहऱ्यात बघतं. आणि मोठेपणी, आपल्याला वाढवलं तसंच आपल्या मुलाला वाढवतं. मी घाबरले. माझ्यापुढचा तो चेहरा तर सहाव्या वर्षीच गेला होता. मन्मथने मुलाचा विषय काढला की मी टाळायची. अशी नऊ वर्षं गेली. तुला कधी बोलले नाही.

मागच्या वर्षी ऋतुजा नावाची विद्यार्थिनी आली. घरच्या आठवणीने तिचा अभ्यास होईना. रडता रडता तिने विचारलं, मॅडम, तुमची आई कशी होती? मी सांगत सुटले : ती आली की आधी बांगड्या ऐकू यायच्या, हाताला फिनाईलचा वास, रागावली की दखनीत सुरू व्हायची. बराच वेळ बोलल्यावर लक्षात आलं, ही तर तू. मला हसू आवरेना. ऋतुजाही हसायला लागली. त्या संध्याकाळी मी मन्मथला हो म्हणाले.

येत्या सोमवारी आम्ही एक मुलगी दत्तक घेऊन घरी आणतोय. दोन वर्षांची आहे, भारी हट्टी आहे म्हणे. शारिकभाई तुला रविवारी गाडीत बसवून देईल. महिनाभराचे कपडे घे. तिला आजी हवी आहे. ये, आई.

तुझीच,
महानंदा