बादलीतले बेडूक

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (तूर्त उभ्यानेच घालतो आहे, कंबर वाकत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला, आणि खोकल्याबद्दलची त्यांची मतं, दोन्ही तशीच असतील. आमचं ठीक.

पत्रास कारण की, आमच्या शाळेत तळं झालं. तळं म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नकोस, दोन पलंगांएवढं. विज्ञानाच्या बाईंच्या मनात आलं, मुलांना बेडूक, चतुर, पाणकिडे पुस्तकाबाहेर दिसावेत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, करा, पण सहामाहीपर्यंत त्यात काही जिवंत दिसलं नाही तर बुजवून सायकलींचा स्टँड करू. खणायला दणकट माणूस हवा म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे, म्हणजे ड्रिलच्या मास्तराकडे पाहिलं. बेडूक या प्राण्याविषयी माझं मत तुला ठाऊकच आहे. (माझ्या दप्तरात तो कोणी सोडला होता, तेही ठाऊक आहे. चाळीस वर्षांत मी विषय काढला नाही, आताही काढत नाही.) पण बाई इतक्या आशेने बघत होत्या, की मी शिट्टी ठेवली आणि कुदळ घेतली.

तीन दिवस खणलं. जाड प्लॅस्टिक अंथरलं, कडेने दगड लावले, पडलेल्या प्राण्याला बाहेर येता यावं म्हणून एका बाजूला उतार ठेवला. (पहिला मीच त्या बाजूने बाहेर आलो.) बाईंनी बजावलं होतं, आपण काही आणून सोडायचं नाही, ज्याला यायचं तो येईल. दोन महिने कुणीही आलं नाही. साधा डास नाही! पाणी मात्र लख्ख. बाई मधल्या सुट्टीत डबा घेऊन काठावर बसायच्या आणि उठताना मलाच धीर देऊन जायच्या. ते बघवत नसे गं.

गेल्या शनिवारी उलगडा झाला. शाळा सुटल्यावर विसरलेली शिट्टी न्यायला परत गेलो, तर आमचे शिपाईकाका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तळ्यात उभे, हातात खराटा! माणूस इतका टापटिपीचा, की शाळेची घंटासुद्धा घासूनपुसून ठेवतो. दर शनिवारी ते तळं उपसून, घासून, नळाचं ताजं पाणी भरत होते. वर मलाच म्हणाले, "सर, आज फारच घाण होती. बुळबुळीत, आत काळे ठिपके. बादलीत काढलीय, गटारात ओततो."

ताई, ती बेडकाची अंडी होती. मी बादली हिसकावली. निम्मा ऐवज फरशीवर सांडला, तो या उघड्या हातांनी गोळा केला. ओरडलो नाही. (शिपाईकाका म्हणतात, ओरडलात. त्यांचं ऐकू नकोस.) नळाचं ताजं पाणी अंड्यांना सोसत नाही, म्हणून बादली घरी आणली. काकांना सगळं समजावलं तेव्हा बिचारे दिवसभर जेवले नाहीत. आता तळ्याच्या आसपास ते कुणाला झाडूसुद्धा नेऊ देत नाहीत.

भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा (आणि शूर) भाऊ

ता.क. अंडी फुटली. बादली वळवळते आहे. सोमवारी मुख्याध्यापिका पाहणीला येणार, आणि बाई म्हणतात, पिल्लं ओंजळीने हळूहळू सोडावी लागतात. माझा हात आत जात नाही. तुझा हात सराईत आहे. मिळेल त्या गाडीने ये.

ता.क. दुसरा. येऊ नकोस. पत्र खिशातच राहिलं, आज सोमवार. मीच सोडली, डोळे मिटून, सगळी. मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसून वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "सायकली कुंपणाला टेकवा." बाईंना हसू आवरेना आणि रडूही.

ता.क. तिसरा. ताई, तेव्हा मी दप्तर खिडकीबाहेर भिरकावलं होतं. आणायला तू गेली होतीस. तो वाचला होता ना गं?