शंभरात साडेबारा

३० जून १९६८, रविवार
कान्हे स्टेशनवर कुणीतरी टाकलेला पेपर मिळाला. त्यात राज्यवार तक्ता : शंभर उमेदवारांमागे किती जणांना नोकरी लागते. आपल्या राज्यापुढे साडेबारा. फलाटावरच भागाकार केला. आठात एक! मला आजवर सहा ठिकाणी नकार. सातवाही येणार. आठवी नोकरी माझी. इतकं सोपं गणित गावात एकालाही सुचू नये? किळस येते.

१ जुलै
जेवताना बयाबाई आत्याला तक्ता वाचून दाखवला. तिनं विचारलं, त्यात तुजं नाव कुटं हाय? शिसारी आली. वर कामशेतच्या पाहुण्यांचा निरोप : आषाढ संपायच्या आत नोकरी दाखवा, नाहीतर मुलगी दुसरीकडे देऊ. दाखवीन. येत्या सोमवारी लोणावळ्याच्या कारखान्यात इंटरव्ह्यू आहे, टाइमकीपरचा. त्याआधी सातवा नकार उरकला पाहिजे.

४ जुलै
तुंगार्लीच्या एका बंगल्याला मॅनेजर हवा होता. नकारासाठी उत्तम. मुद्दाम तंबाखू चघळत, चिखलाच्या चपलांसकट दिवाणखान्यात गेलो. मालकीणबाईंनी अनुभव विचारला. काही नाही म्हणालो. कुत्री चालतात का? ओकारी येते म्हणालो. बाई हसायलाच लागल्या. खरं बोलणारा माणूस पहिल्यांदा भेटला, सोमवारपासून या, राहायला खोली देते! काय हा बेजबाबदारपणा. घाईघाईनं मीच नाही म्हणालो. कुणी का देईना, नकार तो नकार. सात झाले.

८ जुलै, दुपार
कारखाना. बाकावर शेजारी वडगावचा धोंडिबा म्हणून एक जण. म्हणाला, माजा ह्यो तेविसावा. असली माणसं तक्त्याची वाट लावतात. सरकून बसलो.
आत साहेबांना सगळं समजावलं. सात झाले, आता नियमानं मला घ्यायलाच हवं. साहेबांनी माझा अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाले, अहो, शंभर माणसांतली साडेबारा. एका माणसाच्या शंभर खेपा नव्हेत. आणि पुढच्याला हाक मारली.
शिकलेली माणसंही अशी! थुंकलो. फाटकाबाहेर.

९ जुलै
भिजत तुंगार्लीला. बाईंना सांगितलं, कुत्र्यांचं काही नाही, सवय होईल. त्या म्हणाल्या, उशीर केलात, कालच माणूस ठेवला. कुत्रं मात्र माझा हात चाटत बसलं. घरी येईपर्यंत वास गेला नाही.

१३ जुलै
कामशेतची मुलगी वडगावला दिली. मुलगा कारखान्यात टाइमकीपर लागलाय म्हणे. धोंडिबा. तेविसाव्या खेपेला! या राज्यात कशालाच धरबंध उरलेला नाही.
पेपरवाल्यांना खरमरीत पत्र लिहायला बसलो, तर आत्या दारात, गुडघा धरून उभी. म्हणाली, भाताच्या आवनीला मानूस न्हाई रं हनमंता. लेंगा वर घे अन् चल.
खाचरातल्या चिखलाकडे बघूनच मळमळलं.
घेतला वर.