टाकीवरचा वड

ज्येष्ठ पौर्णिमा, संध्याकाळ. थाटीपुर.

जमलं! नखांतला गेरू अजून निघत नाही, राहू दे.

दर वर्षी आमच्या बायका घरी पुजायला फांद्या तोडून आणवतात. कोपऱ्यावरचा वड पार बोडका केला. आणि म्हणे वडाची पूजा! यंदा मी आवारातल्या पाण्याच्या गोल टाकीवर वडच काढला. भिंतीवर काढून फेरे कशाभोवती घालणार? पारंब्यांच्या जागी गल्लीतल्या बायकांचे हात काढले, जिच्या तिच्या बांगड्यांसकट.

सकाळी जाऊबाई ताट घेऊन आल्या. "आता टाकीकडे सात जन्म नवरा मागायचा का गं?"

"तोडलेल्या फांदीकडे मागता, मग टाकीनं काय घोडं मारलंय?"

जमलेल्या बायकांतली कोणी पुढे येईना. खोटं का लिहू, वाटलं, एवढं करून पुन्हा फांद्याच आणल्या तर?

तेवढ्यात शेजारची हिंदी बोलणारी सून ओरडली, "अय्या काकू, ये तो मेरे कंगन हैं!" आणि सूत गुंडाळत निघालीच. मग सगळ्या आपापला हात शोधत फिरल्या. जाऊबाईसुद्धा. त्यांचा मी मुद्दाम सगळ्यात मोठा काढला होता.

आत्ता कोपऱ्यावर जाऊन आले. यंदा वडाची एकही नवी फांदी तुटलेली नाही.

गेरू उद्या धुईन.