पालथ्या मडक्याची कर्ती

मी, अभिमन मोतीलाल वाणी, वय वर्षे एकावन्न, व्यवसाय संस्कृत शिकवणे (विद्यार्थ्यांच्या संमतीवाचून), राहणार एरंडोल, जिल्हा पूर्व खानदेश, लिहून ठेवतो की, माझी छाती नादुरुस्त असली तरी बुद्धी शाबूत आहे. पहिलीची ग्वाही डॉक्टरांनी दिली. दुसरीची मीच देतो. हे लेखन कोणाच्या भिडेने नाही. जिची भीड होती ती गेल्या चैत्रात निवर्तली.

कलम १. घर व पोस्टातील शिल्लक माझी विधवा बहीण वच्छलाबाई हिला. ग्रंथही तिलाच, मात्र ते रद्दीत घालताना तिने निदान उसासा टाकावा.

कलम २. गावाबाहेरच्या टेकाडात सापडलेली प्राचीन खापरे शाळेस. बाहेरून तांबडी, आतून काळीभोर अशी भांडी पूर्वजांनी कशी घडवली, हे प्रयोगाने सिद्ध करण्यासाठी मी सात वर्षे अय्युब कुंभाराची भट्टी नासवली. तो म्हणे, "मास्तर, भट्टी को संस्कृत नहीं आती." मी त्यास ग्रंथाधार ऐकवी. माझी एकोणचाळीस मडकी अंतर्बाह्य तांबडी निघाली.

कलम ३. मडके थापटण्याचे लाकडी चोपणे अय्युबच्या पत्नीचे, अमिनाबीचे आहे. ते तिला परत करावे. माझ्या कुटुंबाने ते मागून आणले होते. आठव्या वर्षी माझी पत्नीच भट्टीपाशी येऊन म्हणाली, "तुमनी पोथीमा बठ्ठं शे, फक्त चूल नही." तिने स्वतः मडके घडवले, भुशात पालथे घातले, तोंडाशी वारा शिरू नये असा भुसा दाबला. दुसऱ्या दिवशी ते बाहेरून तांबडे, आतून काळे निघाले! मी तत्काळ पुण्याच्या एका विद्वत्सभेस निबंध धाडला: 'मया साधितम्', मी साधले.

तो वाचून दाखवताच तिने विचारले, "त्यामा मन्हं नाव कोठे शे?"

मी म्हणालो, कल्याण इच्छिणाऱ्याने पत्नीचे नाव उच्चारू नये, असे शास्त्रवचन आहे.

"शास्तर भलतं सोयनं शे तुमनं," ती म्हणाली, आणि भाकरी थापू लागली.

कलम ४. मेहुणा सुकदेव यास माझी छत्री, व क्षमा. सभेने मडके पाहण्यास मागवले होते. ते फडक्यात बांधून फळीवर ठेवले होते. इतक्यात दोन दिवसांच्या तापाने ती गेली. अंत्यविधीस कोरे मडके लागते. सुकदेवाने घर धुंडाळले; माझी तांबडी मडकी केव्हाच पाण्याला लागली होती, पाणी न लागलेले तेवढे एकच होते. खांद्यावर घेताना मी ते ओळखले. परंतु पुण्याच्या सभेसाठी म्हणून तिच्याकडून ते दुसऱ्यांदा काढून घ्यावे, हे तोंडातून निघेना. मी पाऊल उचलले.

पहिल्या फेरीस सुकदेवाने दगड मारला, छिद्र पडेना. पुन्हा मारला. मागे कोणी पुटपुटले, "पक्कं मडकं शे भो." तिच्या कामाची तेवढीच स्तुती झाली, तीही तिला ऐकू न येण्याच्या जागी. तिसऱ्या घावास पाणी माझ्या पाठीवर उतरले.

त्यानंतर मी अकरा मडकी भुशात पालथी घातली. सर्व राखेच्या रंगाची निघाली. भुसा किती दाबायचा, हे मी तिला कधी विचारलेच नव्हते.

कलम ५. आमचे हेडमास्तर निंबा महाजन यांनी पुढील मजकूर पुण्यास धाडावा, आणि तोही आजच. त्यांनी हरकत घेतली, "वाणी मास्तर, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं." या कलमापुरता मी आजच मेलो, असे समजावे. मजकूर:

'निबंधातील प्रयोग माझा नव्हे. मडके उरलेले नाही, म्हणून पुरावा देता येत नाही. कर्ती: मंजुळाबाई अभिमन वाणी.'

एरंडोल, ता. ११ फेब्रुवारी १९३८

सही: अभिमन मोतीलाल वाणी

आमच्या समक्ष सही झाली:

१. निंबा सखाराम महाजन

२. अय्युब वल्द युसूफ, कुंभार. निशाणी डावा अंगठा. त्याच्या आग्रहावरून येथे लिहिले: "मटका भाभी ने बनाया. मैं वहीं खडा था."