काऊन विचारायच्या दोन खोल्या

मी, श्रीमती फुलवंता उदेलाल टेंभरे, वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण तिसरी, धंदा शेती, राहणार मौजा कामठा, तालुका व जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरनं तसा कागद दिला आहे. कोणाचा दाब नाही. कलमं फुलचूरच्या लीलाधर वकिलांनी सांगितली, बाकी बोलणं माझं आहे. ते "बाई, मुद्द्यावर या" म्हणतात. मी येऊनच राहिले.

कलम १. तळ्याखालची धानाची बांधी, बैलांचा कोठा आणि राहतं घर मुलगा भुवनेश्वर याला. मात्र घराच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या यात धरू नयेत. त्यांचं पुढे लिहिलं आहे.

कलम २. चांदीचे तोडे मुलगी रविता हिला. ती जर्मनीत नर्स आहे. तिथं कोणी तोडे घालत नाही म्हणते. नको घालू, पण ठेव.

कलम ३. माझा पाण्याचा पितळी गुंड जाऊबाई अनुसयाबाई यांना. तो त्यांच्याकडेच आहे, भुवनेश्वरच्या लग्नात पाण्यासाठी नेला होता. मृत्युपत्रात लिहिला म्हणजे तो माझा होता हे पक्कं झालं.

कलम ४. आता त्या दोन खोल्या. तिथं कॉन्व्हेंट भरते. नाव लिहीत नाही, वकील नको म्हणाले. खोल्या कायमच्या द्या असं शाळेचे चालक म्हणतात आणि भुवनेश्वर मान डोलवतो. भिंतीपलीकडं माझी चूल आहे, त्यामुळं तिथलं सगळं शिक्षण मी ऐकलं आहे. "द काऊ इज अ डोमेस्टिक ॲनिमल" मला पाठ आहे.

माझी नात, भुवनेश्वरची पुष्पांजली, आठ वर्षांची, तिथंच शिकते. गाईचा निबंध चालू असताना तिनं विचारलं, "मॅडम, गाईले चारच थन काऊन?" काऊन म्हणजे का. आमच्याकडं असंच म्हणतात, सरकारी माणसाला कळावं म्हणून लिहिलं. मॅडमनं उत्तर दिलं नाही. मराठी बोलली म्हणून गळ्यात पाटी अडकवली आणि सुट्टीपर्यंत दारात उभी केली. त्या दिवसापासून पोरगी घरीही काही विचारत नाही. आधी भात वाढता वाढता माझा जीव खायची.

मी भुवनेश्वरला म्हटलं, हे बरोबर नाही. तो म्हणाला, "माय, तुले काय समजते त्यातलं? पाटी घातली म्हणजे इंग्रजीत तोंड उघडते."

"उघडते कुठं? होतं तेही बंद झालं."

आता रविताच्या पोराचं, मोहितचं ऐका. हाही आठ वर्षांचाच. त्याची शाळा सगळी जर्मन भाषेत. इंग्रजी तिसरीपासून, आणि तीही गाण्यातून, प्राण्यांच्या खेळातून. चुकलं तर बाई नीट करून पुन्हा म्हणतात, झालं. एकदा फोनवर तो फुगून बसला होता. मी विचारलं, "काऊन रे?" तो उठला आणि लाकडाची गाय घेऊन आला. मी "काऊ" म्हटलं असं त्याला वाटलं. मी इतकी हसले की डोळ्यातून पाणी आलं. त्यानं ते शाळेत सांगितलं तर त्याच्या बाईंनी साऱ्या वर्गाकडून काऊन म्हणवून घेतलं. कामठ्याचा शब्द तिकडं गोरी पोरं म्हणून राहिली, आणि कामठ्यात त्याच शब्दाला पाटी.

इंग्रजी शिकू नये असं माझं म्हणणं नाही. खूप शिकावं. पण रविता इथंच मराठी शाळेत शिकली, इंग्रजी पाचवीपासून, आणि मोठी झाल्यावर जर्मनही शिकली. तिला विचारायची लाज कधी कोणी लावली नव्हती. मला वाटते, फरक तेवढाच असेल.

म्हणून त्या दोन खोल्या पुष्पांजलीला. ती सज्ञान होईपर्यंत भुवनेश्वरनं सांभाळाव्या. शाळा राहू शकते, पण तिथं कोणत्याही लेकरानं कोणत्याही बोलीत काऊन विचारलं तर उत्तर मिळालं पाहिजे. येत नसेल तर "माहीत नाही" म्हणावं, तेही चालेल. पाटी पुन्हा गळ्यात दिसली तर खोल्या रिकाम्या करून त्यात धान भरावं.

कलम ५. पुष्पांजलीला साक्षीदार व्हायचं होतं. वकील म्हणाले, वारसाला होता येत नाही, लहानाला तर नाहीच. म्हणून ती बाजूला बसून वाचत होती. वाचता वाचता म्हणाली, "आजी, तू तर चांगली हाय. मरायचं आताच काऊन लिहून राहिली?"

इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून काऊन ऐकलं. उत्तर येत होतं, पण दिलं नाही. म्हटलं, पुन्हा विचार बरं.

तिनं पुन्हा विचारलं.

वकील म्हणतात, हे कलमात बसत नाही, खोडा. खोडलं नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि साक्षीदारांसमोर सही करते.

सही: फुलवंता उदेलाल टेंभरे

साक्षीदार:
१. ॲड. लीलाधर पटले, फुलचूर
२. बिसराम रहांगडाले, कामठा

ठिकाण: कामठा
दिनांक: ९ मार्च २०२५