रेणू ओळखणारे मणी

३ जानेवारी
या वर्षी पीएचडी संपवायचीच. सातवं वर्ष आहे, पण विषयच तसा आहे. पॉलिमरच्या बारीक मण्यांत एका ठरावीक रेणूच्या मापाचे खळगे करायचे आणि त्यांत अभिक्रिया घडवणारे पॅलेडियमचे नॅनोकण बसवायचे. मापात बसेल तोच रेणू आत शिरणार, त्याचीच अभिक्रिया होणार. त्याच्यासारखाच दिसणारा भाऊ दाराबाहेर. कागदावर डिझाइन देखणं आहे. बायको म्हणाली, आपलं लग्न झालं तेव्हाही ते कागदावर देखणंच होतं. ती नर्स आहे. केमिस्ट्रीतलं तिला कळत नाही.

१२ जानेवारी
पॉलिमर वेळेआधीच घट्ट झाला. स्टरर आत अडकला, फ्लास्क फोडावा लागला. चूक स्टररची. घट्टपणा मात्र वाखाणण्यासारखा.

२ फेब्रुवारी, दुपार
मणी तयार. काळेभोर. चाचणी केली. दोन्ही रेणूंची अभिक्रिया सारखीच जोरात. सर, म्हणजे माझे गाइड, म्हणाले, हा मणी कोणाला ओळखतो तरी का? मी म्हटलं, सध्या जरा मनमिळाऊ आहे, शिस्त लावतो. सर हसले नाहीत. त्यांना विनोद कळत नाही.

९ फेब्रुवारी
नवीन ज्युनिअर म्हणाली, दादा, खळगे न केलेले ब्लँक मणीही बनवा ना, तुलनेला. नंतर बघू म्हटलं. नवशिक्यांना असल्या शंका येतात.
घरी बातमी: बायकोला बढती. दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात, मार्चअखेर. उत्तम, म्हटलं, तोवर माझा पेपर छापून येईल, सोबतच निघू. ती कपाट आवरत राहिली.

६ मार्च
जमलं! सॉल्व्हंट बदलला आणि आपला रेणू ऐंशी टक्के, भाऊ फक्त तीस! अख्ख्या लॅबला सांगितलं. बायकोला फोन केला. ड्यूटीवर होती. बरं झालं, ठेवते, म्हणाली. सर म्हणाले, रिव्ह्यूत मांड. आभाराची स्लाइड आधी करून ठेवली.

१९ मार्च
रिव्ह्यू. बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, ब्लँकचे आकडे? काम चालू आहे, म्हटलं. म्हणजे मनात चालू होतंच. सर माझ्याकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, आठवड्यात आण, नाहीतर विषय बंद.

२७ मार्च
ब्लँक मण्यांची चाचणी. ऐंशी आणि तीस. ज्युनिअरने पुन्हा करून दिली. ऐंशी, तीस.
म्हणजे खळग्यांचा काही संबंधच नाही. आपला रेणू मुळातच उतावळा, भाऊ मुळातच आळशी. मणी कोणालाच ओळखत नव्हते.
तिसऱ्यांदा केलं तर फरक दिसेल.

३० मार्च
बायकोची गाडी सकाळची होती. सोडायला जाणारच होतो, पण तिसरी चाचणी अर्धवट टाकता येईना. ती समजून घेईल.
ऐंशी, तीस.

३१ मार्च
सरांनी विषय बंद केला. ओरडले नाहीत, खांद्यावर हात ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. टेबल ज्युनिअरला दिलं. तिने दादा, सॉरी म्हटलं. कशाबद्दल, कोण जाणे.
संध्याकाळी बायकोला फोन केला. म्हटलं, आता मोकळा आहे, उद्याच निघतो. ती म्हणाली, इतक्यात नको. खोली एकटीपुरतीच घेतली आहे.
बरं, म्हटलं. तसंही लॅबमध्ये दोन दिवस आवराआवर आहे.
फोन ठेवल्यावर आठवलं, लॅबची चावी दुपारीच परत दिली.